‘भेसळ’ लिहू नका, सर

‘मिलेनियल’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते एखाद्या जंतूचं नाव वाटलं. यात माझा फारसा दोष नाही. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका खासगी दूध प्रकल्पाच्या लॅबमध्ये मी बत्तीस वर्षं काढली. तिथे असं लांबलचक अनोळखी नाव कानावर आलं की ते बहुतेक दूध नासवणाऱ्या कशाचं तरी निघायचं.

कंपनीने पुण्याहून एक व्याख्याते बोलावले होते. गेल्या शतकाच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत जन्मलेली पिढी म्हणजे मिलेनियल, हे त्यांच्याकडून कळलं. या पिढीला नोकरीत काय हवं असतं याची त्यांनी पडद्यावर रंगीत यादी दाखवली. मोकळं वातावरण, सोयीच्या वेळा, कौतुक, कॉफीचं मशीन. आम्ही जुने लोक पुढच्या रांगेत बसून माना डोलावत होतो आणि ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ती माझ्या लॅबमधली पाच जणं मागे गप्प बसली होती.

बाहेर आल्यावर मी शीतलला गाठलं. शीतल गायकवाड, काष्टीची, बी.एस्सी. केमिस्ट्री. लग्न होऊन सासरही तालुक्यातच, पदरात तीन वर्षांची मुलगी. लॅबमध्ये चार वर्षं झालेली. मी चेष्टेने विचारलं, “काय गं, यातलं तुला काय पाहिजे?”

ती म्हणाली, “सर, मी केलेली टेस्ट तुम्ही रोज परत करून बघता. तेवढं बंद झालं तर बरं होईल. कॉफीचं नंतर बघू.”

मला राग आला. खोटं कशाला बोलू? तिच्या वयाचा असताना मी माझ्या साहेबांपुढे मान वर केली नव्हती. आमचे साहेब मोठे जाणकार, पण शिकवायची त्यांची पद्धत अशी की शेजारी उभं राहायचं आणि बघायचं. एकदा मी विचारलं, “साहेब, ॲसिडिटी सकाळची आणि संध्याकाळची वेगळी का येते?” ते म्हणाले, “लगड, नाक चालव, तोंड नको.” पुढची दहा वर्षं मी नाक चालवलं.

आणि ते चालवलंही जोरात, हे इथे सांगून टाकतो. टँकरचं झाकण उघडलं की नुसत्या वासावर मी सांगायचो, आज जनावरांना कांद्याची पात घातलीय, किंवा या दुधाला वाटेत ऊन लागलंय. ड्रायव्हर लोक मला मागे ‘मांजर’ म्हणायचे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

बाहेरच्या माणसाला आमचं काम थोडक्यात सांगायचं तर असं. गावोगावी शेतकरी सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दूध घालतात. तिथे एक मोठी थंड टाकी असते, तिला आम्ही कूलर म्हणतो. तीन-चार गावांच्या कूलरचं दूध टँकरमध्ये वेगवेगळ्या कप्प्यांत भरून प्रकल्पावर येतं. ते आत घ्यायचं की परत पाठवायचं हे लॅब ठरवते. आधी वास, मग तापमान, फॅट, आंबटपणा, आणि दुधात कुणी काही घातलंय का त्याच्या चाचण्या. टँकर उन्हात उभा, ड्रायव्हर घाईवर आलेला, आत मशीन दुधाची वाट बघतंय, आणि सगळ्यांची नजर काचेच्या एका नळीवर. त्या नळीकडे बघून जी सही होते, तिच्यावर कुणाच्या तरी घरात दुसऱ्या दिवशी जाणारी पिशवी अवलंबून असते. ही सही कित्येक वर्षं माझी होती. म्हणून तर शीतलचं बोलणं मला लागलं.

तिच्या आधी ओंकारने एक धक्का दिलेलाच होता. ओंकार म्हस्के, लॅबमधला दुसरा केमिस्ट, तिशीतला. त्याची बायको नगरला बँकेत. त्याने येऊन सांगितलं, “सर, ड्युटीचा तक्ता महिन्याच्या सुरुवातीला लावत जा. आदल्या दिवशी कळतं, मग घरात काहीच ठरवता येत नाही. बायकोला रविवारीच सुट्टी असते. महिन्यातले दोन रविवार तरी आम्ही दोघं एका घरात असू की नाही, एवढं आधी कळावं.”

मी म्हटलं, “म्हशी रविवारी सुट्टी घेत नाहीत.”

“म्हशींचं माहीत आहे, सर. म्हणून तर दोनच मागतोय.”

मी चिडून तक्ता त्याच्याच हातात दिला. म्हटलं, तुम्ही पाच जण बसा आणि तुम्हीच करा, बघू कसं जमतंय. मला वाटलं, आठ दिवसांत भांडून परत येतील. ते परत आले ते महिन्याचा तक्ता घेऊन. कुणाच्या घरी पूजा, कुणाच्या मुलाचा डॉक्टर, सगळं त्यांनी आपसांत बसवलं होतं. माझ्या तक्त्यात महिन्याला दोन-तीन जण ऐनवेळी ‘बरं नाही’ म्हणून दांडी मारायचे. त्यांच्या तक्त्यात कुणी आजारीच पडेना. इतकी वर्षं लोक माझ्या तक्त्याने आजारी पडत होते, हे मला तेव्हा समजलं.

म्हणून शीतलचंही ऐकलं. पूर्ण मनाने नाही, पण ऐकलं. सकाळच्या पाळीची सही तिची, मी मध्ये हात घालणार नाही, असं लेखी दिलं. ते पत्र तिने दोनदा वाचलं. “आभार” वगैरे काही म्हणाली नाही. “मग कारणंही मीच लिहीन ना, सर? नुसतं ‘पास’ आणि ‘परत’ नाही?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, “लिही बाई.”

ही पत्राची गोष्ट पावसाळ्यातली. दिवाळीच्या आठ दिवस आधी तिची परीक्षा झाली, आणि खरं तर माझीही.

दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे दुधाची ओढाताण असते. खवा, पेढा, श्रीखंड, सगळ्यांनाच दूध हवं असतं. सकाळी दहाच्या सुमाराला एक टँकर आला. त्याच्या मधल्या कप्प्यात एकाच केंद्राचं दूध होतं. घोड नदीच्या अलीकडचं गाव, केंद्र चालवणारे दत्तू नाना. साठीचे, अंगाने किडकिडीत, आमच्याकडे पंधरा वर्षं दूध देणारे. त्यांचं दूध म्हणजे आम्ही डोळे झाकून घ्यायचो.

शीतलने डोळे झाकले नाहीत. वास ठीक होता, फॅट ठीक होतं, पण आंबटपणा नेहमीपेक्षा बराच कमी आला. दुधात थोडा आंबटपणा असतोच. तो असा कमी येणं म्हणजे त्यात सोड्यासारखं काहीतरी गेलेलं असू शकतं. नासायला लागलेलं दूध ताजं भासवायला काही लोक सोडा टाकतात. तिने त्याची चाचणी लावली. नळीत थेंब पडले आणि दूध गुलाबी झालं. चांगलं दूध या चाचणीत तपकिरी दिसतं. तिने तीनदा केली. तिन्ही वेळा गुलाबी.

तिने कप्पा परत करायचा शेरा मारला आणि दहा मिनिटांत आमचे प्लांट मॅनेजर लॅबमध्ये आले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोक्यावर पेढ्यांच्या ऑर्डरी होत्या. ते मला म्हणाले, “लगड, दीड हजार लिटर दूध आहे. मोठ्या टाकीत पन्नास हजारांत सोडलं तर कुठल्या चाचणीत दिसणार? तुम्ही सही करा.”

मी शीतलकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. ओंकार हातातली नळी धुवायची थांबला.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते प्रामाणिकपणे लिहितो. मला वाटलं, मॅनेजर साहेब म्हणतात ते खरं आहे. दिसणार नाही. कुणाला काही होणारही नाही बहुधा. आणि मग वाटलं, आज मी सही केली तर ही पाच जणं उद्यापासून कामाला येतील, वेळेवर येतील, नळ्या भरतील, धुतील, आणि यातली एकही टेस्ट मनापासून करणार नाहीत.

मी म्हटलं, “साहेब, सकाळची सही माझी नाही. मॅडमची आहे. आणि त्यांनी केलेली आहे.”

ते म्हणाले, “वर मी काय सांगू?”

“लॅबने परत केलं म्हणून सांगा. खाली माझं नाव घाला.”

ते निघून गेले. दूध परत झालं. मी छाती फुगवून खुर्चीत बसलो आणि परत पाठवल्याच्या नोंदीत केंद्राच्या नावापुढे लिहायला घेतलं, ‘भेसळ’. आमच्याकडे हा शब्द एकदा लागला की केंद्र बंद. त्या गावातल्या लोकांचं दूध दुसरीकडे वळवायचं आणि केंद्रवाल्याला परत दारात उभं करायचं नाही.

“भेसळ लिहू नका, सर,” शीतल म्हणाली.

“अगं, तूच गुलाबी दाखवलंस ना?”

“दुधात सोडा आहे, एवढं मला माहीत आहे. तो कुणी टाकला, का टाकला, ते माहीत नाही. जे माहीत नाही ते कसं लिहायचं? मला केंद्रावर जाऊ द्या.”

“लॅबचा माणूस केंद्रावर जात नाही. ते संकलनवाल्यांचं काम.”

“म्हणूनच आपल्याला कधीच काही कळत नाही, सर. आपण परत पाठवतो आणि विसरतो.”

दुपारी मी, शीतल आणि ओंकार कंपनीच्या जीपने निघालो. बातमी आमच्या आधी पोचली होती. केंद्राच्या पत्र्याच्या शेडसमोर पन्नासेक माणसं जमली होती. काही दत्तू नानांना बोलत होती, काही आम्हाला बोलायच्या तयारीत होती. नाना पायरीवर बसले होते. उठले नाहीत. म्हणाले, “या सायेब. कुलूप आनलंय का संगट?”

मी काही बोलायच्या आत शीतल त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. “नाना, कुलूप नाही आणलं. काल सकाळपासून काय काय केलं, ते मला सांगता का? घाई नाही.”

नाना जरा सरकले. “काय सांगू बाई? रोजच्यावानी दूध घेतलं. टँकर भरून दिला. मंग कूलर धुतला. सोड्याच्या पान्यानं धुवायचा, मंग साध्या पान्यानं तीनदा. तुमच्याच लोकांनी शिकीवलंय.”

“तीनदा धुतला?”

नाना म्हणाले, “काल न्हाई. काल येकदाच. मोटार जळाली हुती, टाकीत पानीच नव्हतं. पन समदं काढलं, बाई. तोटी उघडी ठिवली, थेंब थेंब पडायचा थांबला तवा बंद केली. लेकराबाळांची आन, मी काय बी घातलं न्हाई.”

ओंकार कूलरमध्ये टॉर्च मारून बघत होता. तो म्हणाला, “सर, जरा पाणी ओता यात.”

दोन बादल्या ओतल्या. पाणी तोटीकडे जायला हवं. ते उलट्या बाजूला गेलं आणि तिथेच साचलं. आम्ही वाकून पाहिलं. कूलरच्या चार पायांपैकी मागचा एक पाय फरशीत खचला होता. ज्या कोपऱ्यात काही उरू नये, तिथे पाण्याचं चांगलं डबकं राहत होतं. रोज तीनदा धुतल्यावर तिथे साधं पाणी उरायचं, म्हणून कधी कळलं नाही. काल एकदाच धुतलं, म्हणून सोड्याचं पाणी राहिलं आणि त्यावर दीड हजार लिटर दूध पडलं.

शीतलने ते साचलेलं पाणी उपसून घेतलं, कूलर परत सोड्याने धुतला, एकदाच साध्या पाण्याने धुतला, आणि कोपऱ्यात राहिलेल्या पाण्याचे थेंब शेजारच्या घरून आणलेल्या दुधात टाकून चाचणी लावली. सगळ्या लोकांसमोर. सामान तिने पिशवीत घालून आणलंच होतं. नळी गुलाबी झाली.

कुणीतरी मागून म्हणालं, “म्हंजी नानांनी घातला न्हाई?”

“नाही,” शीतल म्हणाली. “पण दूध परत केलं ते बरोबरच केलं. ते कुणाच्या पोटात जायला नको होतं. नाना, पुढच्या वेळी पाणी नसलं तर दूध भरू नका. आधी मला फोन करा.”

“व्हय,” नाना म्हणाले. मग डोक्यावरची टोपी काढून तिच्या पुढे नुसते उभे राहिले. ती म्हणाली, “नाना, चहा पाजा की आम्हाला.” तेव्हा कुठे सगळे हसले.

येताना जीपमध्ये मला एक माणूस आठवत होता. अठरा-वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावच्या केंद्राचं दूध असंच गुलाबी आलं होतं. तो केंद्रवाला लॅबच्या दारात येऊन हात जोडून म्हणाला होता, “सायेब, येकदा यिऊन बघा तरी.” मी आत बसल्या बसल्या लिहिलं होतं, ‘भेसळ’. माझ्या अचूक कामाचं तेव्हा कौतुकही झालं होतं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी मोटारसायकल काढली आणि त्याच्या गावी गेलो. वस्तीवर होता. दूधधंदा सोडून त्याने लिंबाची बाग केली होती. मला त्याने लगेच ओळखलं. बाज पुढे सरकवली. मी सगळं सांगितलं. नानांचं, कूलरच्या पायाचं. म्हटलं, “तुमच्याकडे तेव्हा काय झालं होतं ते मला माहीत नाही. मी बघायला आलो नाही. ते सांगायला आलोय.”

त्याने समोरच्या ढिगातलं एक लिंबू उचललं. मग म्हणाला, “माजं बी मला न्हाई ठाव, सायेब. मी काय घातलं नव्हतं. कसं आलं त्ये आजवर इच्यार करतो. गावात लई दिस कुनी तोंडाकडं बघितलं न्हाई.” त्याच्या सुनेने चहा आणला. बिनदुधाचा, लिंबू पिळलेला. तो म्हणाला, “राग मानू नका. तवापासनं मी दुधाचा च्या घेत न्हाई.”

तो चहा मी प्यालो. निघताना तो फाट्यापर्यंत सोबत आला आणि पिशवीभर लिंबं दिली. मी ती घेतली.

त्या वर्षापासून आमच्या लॅबमध्ये एक पद्धत पडली. दूध परत गेलं की दुसऱ्या दिवसाच्या आत कुणीतरी त्या केंद्रावर जायचं आणि कारण शोधून यायचं. ‘भेसळ’ हा शब्द कारण सापडल्याशिवाय कागदावर यायचा नाही. काही वेळा ती खरंच भेसळ निघाली, आणि तेव्हा याच मुलांनी दयामाया दाखवली नाही. पण बऱ्याचदा फाटका गाळणीचा कपडा, बिघडलेलं कूलरचं मशीन, औषधाची पावडर खाल्लेली म्हैस असलंच काहीतरी निघालं. प्लांट मॅनेजरांनी सुरुवातीला कुरकुर केली. पुढे पाहुणे आले की तेच सांगायचे, “आमची लॅब केंद्रावर जाते, बरं का.”

या अंकासाठी नव्या पिढीला नोकरीत काय हवं असतं यावर लिहा, असं सांगितलं गेलं तेव्हा मी त्या व्याख्यात्यांची यादी आठवून पाहिली. ती चुकीची नव्हती. मोकळं वातावरण, सोयीच्या वेळा, सगळं खरं. फक्त मी त्यातल्या शब्दांचे अर्थ नीट लावले नव्हते. सोयीच्या वेळा म्हणजे ओंकारचे दोन रविवार. कौतुक म्हणजे त्यांनी केलेली सही मी उलटी न फिरवणं. आणि मोकळं वातावरण म्हणजे पंचवीस वर्षांनी मोठ्या साहेबाला ‘हे लिहू नका’ असं म्हणता येणं. मला हे सगळं माझ्या साहेबांकडून हवं होतं. फक्त ते मागता येतं, हे मला माहीत नव्हतं.

त्या पाच जणांतली सगळी टिकली नाहीत. ओंकार बायकोजवळ राहता येईल म्हणून नगरला एका कंपनीत गेला. एकीने शिक्षण पुढे सुरू केलं. त्यांना मी कधी अडवलं नाही. शीतल राहिली. मी निवृत्त झालो तेव्हा लॅब तिच्या हाती आली. आमच्या प्रकल्पात त्या खुर्चीवर बसलेली ती पहिली बाई.

गेल्या महिन्यात पेन्शनच्या एका कागदासाठी प्रकल्पावर गेलो होतो. काम झालं, म्हटलं लॅबमध्ये डोकावू. दार ढकलून आत पाय टाकला, तोच एक नवी मुलगी आडवी आली. वीस-बावीसची असेल. मला ओळखत नव्हती.

“काका, चपला बाहेर काढा आणि केसांवर टोपी घाला. इथे ठेवल्यात.”

मी म्हटलं, “अगं, मी या लॅबमध्ये बत्तीस वर्षं होतो.”

“असाल ना, काका. पण आज सकाळपासून टाकीतल्या दुधाचे नमुने उघडे आहेत, जंतूंची मोजणी चालू आहे. तुमच्या केसाबरोबर एक जंतू जरी पडला तरी आकडा चुकतो. मग त्या दुधाचं नेमकं काय झालं ते आम्हाला कधीच कळणार नाही.” मग ती जरा मवाळ आवाजात म्हणाली, “नुसतं ‘टोपी घाला’ म्हणायचं नाही, का ते सांगायचं, असं मॅडमनी सांगितलंय.”

आत काचेपलीकडे शीतल नळी उजेडाला धरून उभी होती. तिने मला पाहिलं, पण मुलीला हाक मारून ‘सोड त्यांना’ असं काही म्हणाली नाही.

मी चपला काढल्या. टोपी घातली.